वाघ, वीज आणि मानेतली नळी

आमच्या घराण्यातला एकही पुरुष साधासुधा मेला नाही, असं मी कारंज्याच्या माझ्या किराणा दुकानात बसून वर्षानुवर्षं सांगत आलो. आजोबांनी वाघाच्या कानाखाली वाजवली आणि दोघं एकदमच गेले. वडिलांवर वीज पडली. वीज जागीच विझली, वडील संध्याकाळपर्यंत तग धरून होते. थोरल्या भावासाठी मी गोष्टीत अख्खा ट्रक उलटवला होता. सगळे गेले ते आमच्या मूळ गावी अल्लीपूरला, माझ्या पोराच्या जन्माआधी. खरंखोटं करायला कोण जातंय!

नव्वदच्या दशकातल्या एका सकाळी तूरडाळ तोलताना उजव्या हातातून किलोचं वजन सुटलं. उचलायला गेलो तर हात माझा नव्हताच. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, शब्दच निघेना.

गिऱ्हाईक हसलं, "आता कोणती गोष्ट सांगून राह्यले, भाऊ?"

बायको मात्र आतून धावत आली. "हे गप बसले म्हणजे काहीतरी झालं!"

दहा मिनिटांत हात परत आला, जीभही आली. भीती गेली नाही.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरातले पुरुष कशानं गेले?"

"आजोबांना वाघानं..."

"लकवा," बायको मध्येच बोलली. "सासऱ्याले लकवा, यायच्या मोठ्या भावाले लकवा, आजेसासऱ्यालेबी लकवाच. वाघ यायनं फक्त सर्कशीत पाह्यला."

मानेवर थंडगार जेली लावून त्यांनी यंत्र फिरवलं. माझं रक्त चिंचोळ्या बोळातून पळाल्यासारखं फुसफुसत होतं. मेंदूकडे जाणारी डावी नळी निम्म्याहून जास्त अरुंद झालेली.

"हे काही घराण्यांत रक्तातून येतं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना होतंच असं नाही. पण मुलाचं बीपी, साखर, चरबी आत्ताच तपासा. सिगारेट ओढत असेल तर बंद."

पोरगा चोवीस वर्षांचा, ढाब्यावर बसून रोज पाकीट फुंकायचा. परतताना एसटीत माझं सगळं भय त्याच्या मानेवर जाऊन बसलं.

घरी त्याला सांगितलं. तो पोट धरून हसला. "बाबा, वाघच बरा होता!"

"अरे, खरं हाय," बायको म्हणाली.

"आई, तूबी यायच्या नादाले लागली?"

मी देवाची शपथ घेतली, दुकानाची घेतली. त्या सगळ्या शपथा वाघासाठीही घेऊन झाल्या होत्या. मग उद्या त्याच्या हातातून वजन सुटलेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि बोलताच येईना. जीभ धड होती. तरी येईना.

त्याचं हसू थांबलं. "बाबा? बोला ना."



त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून आईच्या हातात दिलं. "सावंगीले जायले सकाळची एसटी किती वाजता हाय?"