झाकणाच्या आतला आकडा

कळव्यात आमच्या गल्लीचं पाणी सोडणारे महापालिकेचे काका भेटल्यावर 'कसे आहात' असं कधीच विचारत नाहीत. "प्रेशर कसंय?" एवढंच विचारतात. माझ्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावरही त्यांनी हेच विचारलं होतं.

त्यांच्या खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी असते. कुठला वॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, ते फक्त त्यांनाच ठाऊक. त्यामुळे मान भरपूर, पण सुट्टी नाही. एकदा ते तापाने पडले, तर अख्खी गल्ली बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभी!

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि प्रत्येक वॉल्व्हच्या झाकणाला आतून फेऱ्यांचा आकडा आणि बाण रंगवून टाकला. शेजारच्या दिवा भागातले पाणीवाले ते बघायला आले, तर उरलेला रंग त्यांना देऊन टाकला. त्यातला एकजण म्हणाला, "काका, सगळंच लिहून टाकलंत. आता तुम्हाला कोण विचारणार?"

"मला कशाला विचारता? झाकण उघडा की!"

मग काका पंधरा दिवस गावी जाऊन आले. आल्या आल्या मला नाक्यावर गाठलं. "प्रेशर कसं होतं?"

"मस्त! पण काका, तुम्ही गेलेलात कधी?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

काकांचा चेहरा असा काही फुलला! नातू बोर्डात आल्यासारखे ते दिवसभर दारोदार सांगत फिरले, "मी नव्हतो ना, कुणाला कळलंच नाही!"