नापास खेप

कुकटपल्लीच्या वनौषधी कारखान्यात काका तपासनीस होते. माहितीपत्रकं मराठीत करायला मी तिथे जात असे. औषध सोडलेल्या कोमट पाण्याच्या भांड्यापाशी ते उभे असत, चष्मा कपाळावर चढवून. कुणी बोलायला लागलं की तळहात वर करत. दर तासाला त्या पाण्याचा नमुना काढून, औषध किती सुटलं तो आकडा वहीत लिहीत, मगच म्हणत, "हौ, बोला आता."

तिथे गुडमार वेलीचा अर्क बारीक मण्यांत बंद करत. रक्तातली साखर उतरवणारा हा अर्क पोटात आठ तास थोडा थोडा सुटायला हवा. एका खेपेत तो पहिल्याच तासात जवळजवळ सगळा सुटला.

पुण्याहून आलेले व्यवस्थापक म्हणाले, "काका, आधीच्या चांगल्या खेपेचे आकडे लिहून टाका की. कोण बघतंय?"

काकांनी त्या खेपेतले चिमूटभर मणी व्यवस्थापकांच्या टेबलावरच्या कोमट पाण्याच्या पेल्यात टाकले. व्यवस्थापकांचा चहा संपायच्या आत पाणी तपकिरी झालं.

"एखादी म्हातारी चक्कर येऊन पडंल, साहेब. तुमच्या आईला देताव का हे?"

"आमची आई असली औषधं घेत नाही," व्यवस्थापक हसून म्हणाले. "सही करा."

काकांनी सही केली. वहीत मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव.

सोमवारी त्यांना पॅकिंगला बसवलं. तीच खेप त्यांनीच खोक्यांत भरायची होती. त्यांनी एका खोक्यालाही हात लावला नाही. जेवणाचा डबा उचलला आणि सकाळीच घरी निघून गेले. दुपारपर्यंत ती खेप दुसऱ्यांनी भरली.