नाशिक आंटी

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत सकाळी साडेदहाला जेवायला बसणारं एकच माणूस होतं, तळमजल्यावरच्या मावशी. ताटात वरण-भात, मेथीची भाजी, आणि समोर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. शिवणाच्या क्लासला निघताना मी हटकून विचारायची, “मावशी, एवढ्या लवकर?” त्या म्हणायच्या, “लवकर कुठलं? तिकडं एक वाजला.”

तिकडं म्हणजे मलेशियात. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन तिथे नोकरीला. मावशी तीन महिने त्याच्याकडे राहून आल्या, पण येताना त्याच्या इमारतीतल्या रहिवाशांच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं विसरल्या. निदान त्या तसं सांगायच्या. मावशी मूळच्या चांदवडच्या. विसरणाऱ्यांतल्या मुळीच नव्हेत.

ग्रुपवर फार मोठं काही नसायचं. लिफ्ट बंद आहे, कुणाचं तरी मांजर जिन्यात बसलंय, संध्याकाळी पाऊस येईल का. मावशी मोबाइलमध्ये मराठीत बोलायच्या, मोबाइल त्याचं इंग्रजी करायचा, आणि तिकडची लिफ्ट बंद पडली की त्या इकडे तळमजल्यावर बसून हळहळायच्या. तिथली माणसं भेटल्यावर आधी जेवलात का विचारतात, याचं त्यांना भारी कौतुक. “चिनी असो, तमिळ असो, मलाय असो, पहिली चौकशी पोटाची. आपलीच माणसं गं ही!” ग्रुपवर त्यांचं नावच पडलं होतं, ‘नाशिक आंटी’.

नितीन मात्र त्या ग्रुपवर अवाक्षर लिहीत नसे. घटस्फोटानंतर तो मिटूनच गेला होता. रोज फोन करायचा, पण बोलणं एवढंच, की बरा आहे. “बरा म्हणजे काय गं?” मावशी मला विचारायच्या. “ताप आला तरी बरा, उपाशी असला तरी बरा. मी गेल्यावर त्याच्या दारावर थाप मारणारं कुणी हाय का तिकडं?” हा एकच घोर त्यांच्या जिवाला लागला होता. मी कितीही चेष्टा केली तरी तो काही हलका होत नसे.

आता आपल्याकडे जेवताना कुणी दिसलं की ‘या जेवायला’ म्हणायचंच असतं. समोरच्याने ‘होऊ द्या’ म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. एका रविवारी ताटावर बसता बसता मावशींनी सवयीने ग्रुपवर तेच लिहिलं. पण उत्तरात काय म्हणायचं असतं, हे तिकडच्यांना कुठलं ठाऊक! सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या लिम आजींना वाटलं, नाशिक आंटी परत आल्या. त्या पपई घेऊन थेट नितीनच्या दारात. नितीन हाफ पँटवर, हातात नूडल्सचं पातेलं.

“आई, तू लोकांना जेवायला बोलावतेस?” तो फोनवर करवादला.

“बोलावलं नाय रे, नुसतं म्हटलं. मग काय वाढलंस त्यांना?”

“नूडल्स. अर्धे अर्धे.”

फोन ठेवल्यावर मावशी खूप वेळ हसल्या आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा लिहिलं. या खेपेला मुद्दाम, नितीनच्या फ्लॅटचा नंबर घालून. नितीन चिडला, दोन दिवस फोनसुद्धा केला नाही. पण लिम आजी येतच राहिल्या. पाच-सहा रविवारांनंतर त्यानेच फोन करून विचारलं, “आई, पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करतेस?” लिम आजींना पिठलं आवडलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. नितीन आला, सगळे विधी केले, आईच्या मोबाइलवरून ग्रुपला कळवलं. तेराव्यानंतर घराला कुलूप लावून निघाला तेव्हा मला वाकून नमस्कार केला, आणि मी विचारल्यावर एवढंच म्हणाला, “बरा आहे.” मावशींचा तो घोर आता वारशाने माझ्याकडे आला, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. “ताई, पोचलो. विमानतळावर लिम आजी आल्या होत्या. टॅक्सीत मी खूप रडलो. त्या माझी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिल्या.”

मी तो मेसेज तीनदा वाचला. हे मावशींना कळायला हवं होतं.