येळवशीची पातेली

भरल्या ताटावर डोळा ठेवणारी माणसं गावोगाव सापडतील, पण रिकाम्या पातेल्यावर जीव टाकणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. आमच्या गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून मी कळंबला त्यांच्याकडं राहून शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर काकांच्या भाकरीवर झाला, हे मी कधी विसरलो नाही. त्या भाकरीचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत काका ताटात पाणी ओतत, हेही विसरलो नाही. "काका, अजून जेवायलोय की मी!" म्हटलं तर म्हणायचे, "जेव की. ताट भिजल्यानं तुझं काय अडलं? खरकटं एकदा वाळलं की सिमेंट होतंय, बाबा."

मोंढ्यातलं काम आटोपून घरी आले की काका चुलीतली राख चाळायला बसत. नारळाच्या शेंड्या, पिळलेली लिंबं, सगळं भांडी घासायला डब्यात जपलेलं असे. लिंबाचं सरबत माणसानं सालीसाठी प्यावं, असं त्यांचं मत होतं. लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी आचाऱ्याला भेटायचे. नात्यात कुणाची लेक कुठं दिली हे त्यांना सांगता येत नसे, पण कुणाच्या घरची कढई बुडाला धरते हे तोंडपाठ. मावशीची जाऊ एकदा म्हणाली, "भावजी, पुढच्या जन्मी बोहारीण व्हा." काका घासता घासता म्हणाले, "ह्याच जन्मी झालो असतो, पर तुमची जुनी लुगडी घेणार कोण?"

पण या सगळ्या खटाटोपामागं एक कारण होतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, सगळं गोत शेतात जेवायला जमतं. बेसन लावून शिजवलेली भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. जेवणं उरकली की दिवस कलताना कडब्याच्या पेंढ्यांनी बांधलेल्या कोपीपुढं दूध उतू घालतात आणि ते कोणत्या बाजूला सांडतं त्यावरून म्हातारी माणसं पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. मावशी थोरली सून. लग्न होऊन आल्यापासून ती त्या वेळी विहिरीवर भज्जीची पातेली घासत असे. दूध उतू गेल्याचा गलका तिनं दरवर्षी ऐकला होता, दूध मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. "औंदा तुला दूध दाखवतोच," असं काका दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी एखादं पातेलं आडवं येई.

काही वर्षांपूर्वी काकांनी आदल्या संध्याकाळीच सगळ्या पातेल्यांच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा जाड लेप दिला. काजळी मातीवर बसते आणि पाणी मारलं की मातीसकट निघून जाते. पातेली अंगणात वाळत ठेवून पहाटे काका कोप बांधायला शेतात गेले. दुपारी भज्जी शेतात आली, तेव्हा पातेली कोळशासारखी काळी! त्यांची नवी सून कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली, "मामंजी, पातेली चिखलानं माखली होती. मी लख्ख धुतली, मगच चुलीवर ठेवली."

काकांनी एका पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलं. "लई चांगलं केलंस, पोरी," म्हणाले, आणि जेवताना त्यांनी भज्जी दुसऱ्यांदा मागितली नाही.

जेवणं झाल्याबरोबर ते विहिरीवर बसले. काका, मावशी, मी आणि ओशाळलेली सून. राख संपली, लिंबं संपली, काजळी हटेना. ऊन पिवळं झालं. तेवढ्यात कोपीकडून हाक आली, "चला ओ, दूध वर यायलंय!"

मावशी दरवर्षीचंच बोलली, "तुम्ही व्हा पुढं. एवढं आवरून आलेच."

काकांनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "राहू दे."

"अवं, बेसन वाळंल की!"

"वाळू दे."

त्या घरात हे दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. कोपरापर्यंत काळे झालेले हात लुगड्यापासून लांब धरून मावशी अवघडल्यासारखी कोपीपुढं उभी राहिली. मडक्यातलं दूध फुगलं, थरथरलं आणि उगवतीकडं सांडलं. म्हातारी माणसं पावसाचा वाद घालायला लागली. मावशी नुसती बघत होती.

"एवढंच असतं व्हय?" ती हळूच म्हणाली.

"एवढंच," काका म्हणाले. "म्या तरी कधी धड बघितलंय? तुझ्याबरोबर हिरीवरच असायचो की."

दुसऱ्या दिवशी ती पातेली खुरप्यानं खरडावी लागली आणि काका प्रत्येक खरवडीला कण्हत होते. आता त्यांना उकिडवं बसवत नाही. येळवशीला ते कोपीपुढं खाटेवर बसतात आणि लेप देण्याचं काम सुनेकडं आहे. माझ्या घरी सणाला पाहुणे जेवून गेले की मी सवयीनं सगळी ताटं भिजवतो. एक पातेलं मात्र तसंच ठेवतो आणि बायकोला म्हणतो, "ये, बस जरा. वाळू दे ते."