फॅमिली एरियातलं घर

मी वसईची. नर्स म्हणून दोह्याला गेले आणि पहिली काही वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली. दोन हजार सालानंतर केव्हातरी आमच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलला अल सद्द भागातल्या मागच्या गल्लीत एक व्हिला भाड्यानं घ्यायला लावला. वॉर्डात वर्षानुवर्षं राहिलेले, आता बरे असलेले, पण घरच्यांनी परत न नेलेले पाच पुरुष तिथं राहणार होते. सगळे कतारीच. दिवसपाळी माझी होती, रात्री एक मेल नर्स असायचा. गाडीवर साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर होता.

पाचही जण शांत होते. गोळ्या वेळेवर घेत, संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसत. तरी दोनेक महिन्यांत नगरपालिकेकडे तक्रार गेली. तीत वेडे हा शब्दच नव्हता. कुटुंबांसाठी राखलेल्या फॅमिली एरियात बॅचलर राहतात, एवढंच शेजाऱ्यांचं म्हणणं होतं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "बॅचलर कसले? त्यातले दोघं तर आजोबा आहेत."

"सिस्टर, मला गावाकडं तीन पोरं हायत," तो म्हणाला. "तरी इथं मी बॅचलरच. बाई सोबत नसंल तर बॅचलर."

नगरपालिकेला तिथं सगळे बलदिया म्हणत. बलदियाचा अधिकारी आला तेव्हा आमची जॉर्डनची समाजसेविका मुद्दाम थांबली होती. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्यानं खोल्या पाहिल्या, चहा घेतला.

"हे या मातीतले लोक आहेत," ती म्हणाली. "मजुरांचा कॅम्प नाही हा."

"मला मान्य आहे. पण माझ्याकडे दोनच प्रकार आहेत. फॅमिली किंवा बॅचलर. यांना कशात घालू?"

"फॅमिलीत घाला."

"मग घरातली बाई कुठे आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी युनिफॉर्ममध्ये होते. त्यानं नाही अशी मान हलवली आणि महिनाभराची मुदत देऊन तो गेला. मला वाटलं, खलास. पाचही जण पुन्हा वॉर्डात जाणार.

पाचांतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एक विधवा बहीण होती. ती दर शुक्रवारी डबा घेऊन यायची. मक्केला जाऊन आलेली, म्हणून आम्ही तिला हज्जा म्हणायचो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईच हवी ना? कुठलीही चालेल?" पुढच्या आठवड्यात पिकअपमधून तिचा पलंग आला, मागोमाग ती आली. खालची खोली तिला दिली. बलदियाचा तोच अधिकारी पुन्हा आला, तेव्हा हज्जा त्याला म्हणाली, "हा माझा भाऊ. बाकीचे माझ्या भावाचे पाहुणे. पाहुण्यांना किती दिवस ठेवायचं, हे बलदिया सांगणार का?" अधिकारी हसला. पुन्हा कुणी आलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं घर हज्जानं चालवलं. माझं वेळापत्रक तिनं बाजूला ठेवलं. जेवण एकाच मोठ्या ताटात, सगळ्यांनी खाली बसून. गोळ्या जेवणानंतर, कारण आधी दिल्या की तोंडाची चव जाते, असं तिचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण गोळ्या चुकत नव्हत्या, म्हणून मी बोलले नाही. शेजारच्या बायका तिच्याकडे कॉफीला यायला लागल्या. बाहेर खुर्च्या टाकून बसणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी तिला काही विचारलं का, मला माहीत नाही.

मग हज्जाचे गुडघे गेले. तिचा मुलगा तिला घेऊन जायला आला, तेव्हा ती म्हणाली, "एकटी येणार नाही." शेवटी त्यानं मामाचीही बॅग गाडीत ठेवली. घरात बाई उरली नाही. तक्रार पुन्हा गेली. बाकी चौघांना शहराबाहेर, गोदामांच्या पलीकडच्या एका इमारतीत हलवलं. तिथं तक्रार कधीच आली नाही. तक्रार करायला आजूबाजूला कुणी राहतच नव्हतं. मीही काही महिने तिथं गेले, नंतर ओपीडीत बदली मागून घेतली. रोजचा तेवढा प्रवास मला झेपेना.

एका सकाळी हज्जाचा भाऊ औषधं न्यायला ओपीडीत आला. अंगावर इस्त्रीचा पायघोळ पांढरा थोब होता, दाढी नीट कोरलेली. हज्जा रमजानच्या आधी वारली, असं त्यानं सांगितलं. भाच्यानं अंगणातली खोली त्याला दिली होती.

"बरं चाललंय?" मी विचारलं.

"अल्हमदुलिल्लाह. भाच्याची मुलं खोलीत येतात." मग त्यानं विचारलं, "ते चौघं कुठे आहेत?"

मी इमारतीचा पत्ता सांगितला, रस्ताही समजावला.

"लांब आहे," तो म्हणाला.

मी त्याला पुढची तारीख दिली. तो फार्मसीच्या खिडकीकडे गेला आणि रांगेत उभा राहिला.