काळ्या हळदीची सावली

मधुकरकाका गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी सिविक सेंटरला जंगल वाचवा मोर्च्याची पत्रकं वाटत होते. ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली पत्रकंही वाटून टाकली. पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही... येत नाही तर नाही.

काका बाबांचे पोलादाच्या प्लांटमधले सोबती. मरोद्यातल्या कंपनीच्या क्वार्टरमागे ते काळी हळद वाढवत. जंगलातून ती जवळजवळ संपत आली आहे; मोठ्या झाडांखालच्या अंधुक उजेडातच ती नीट धरते. म्हणून काकूंच्या जुन्या साड्या बांधून त्यांनी कुठे एकेरी, कुठे दुहेरी सावली केली होती. शिफ्टच्या लॉगबुकासारखी रोज नोंद. कोऱ्या कागदावर हात धरायचा. सावलीची कड ठळक पडली, की आणखी एक साडी. दुहेरी साडीखाली पानं हातभर व्हायची. शेजारी आपोआप उगवलेला चरोटा, ज्याची इथे घरोघरी भाजी होते, तो मात्र त्याच सावलीत लांबुडका आणि पिवळा. त्याला काका उपटून उन्हात लावत. त्याचं काय, तो रस्त्याच्या कडेलाही जगतो, म्हणत.

मला घाई होती. दुर्मिळ झाड लपवून का ठेवायचं, लोकांना दिसलंच पाहिजे, असं मी पत्रकात छापलं आणि काकांची आठ रोपं नेऊन उघड्या चौकात लावली. फोटो झाले, घोषणा झाल्या. आठवड्यात पानं करपली. त्यांच्यामधून चरोटा तेवढा तरारून वर आला. काका बघायला आले, उकिडवे बसून माती चाचपली.

“बाई, तू इनले मोर्च्यात कावून नेलं?”

मी चिडले. आधी का नाही सांगितलं, म्हटलं.

“सांगूनच राहिलो होतो न. तू घोषणा देऊन राहिली होती.”

आता क्वार्टर महिनाअखेर रिकामा करायचा आहे. मुलीच्या रायपूरच्या फ्लॅटला पश्चिमेचं ऊन, आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन. काकांची उरलेली हळद कुंड्यांत काढली; कुंड्या एकोणीस. पत्रक लिहायला बसले, पण मागायचं कोणाकडे? म्हणून दारोदार फिरते, ऊन न येणारी जागा विचारत. लोक टकमक बघतात. एकाने विचारलं, घरात काही झालं का? हो म्हटलं आणि पुढच्या दाराकडे गेले. काल एका मावशीने न्हाणीमागचा ओलसर बोळ दाखवला.

“ठेव न पोरी. इथं तं काहीच येत नाही.”

मी कुंडी टेकवली. अठरा राहिल्या.