दाजींचं गोणपाट

माणसाचा अंत पाहण्याच्या बाबतीत आमच्या दाजींची बरोबरी करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्याही खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बिडकीनची शाळा संपवून मी कॉलेजसाठी शहरात आलो तो थेट लष्कराच्या छावणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती पायरी मी दाजींच्या घरी जेवून-झोपून चढलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकारांची आठवण ठेवली म्हणून डोकं शांत राहतं असं नाही.

दाजी गोल्फ खेळून पोट भरत. हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं, "पाव्हणे काय करतात?" की दाजी स्वतःच सांगत, "गोल्फ." "ते झालं. पण पोटापाण्याला?" "तेच की." मग समोरचा माझ्याकडे बघे आणि मी मान खाली घाली. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्याच वर्षी दाजींचा जन्म. लहानपणी छावणीच्या मैदानावर साहेब लोकांच्या पिशव्या वाहता वाहता ते खेळायला शिकले, आणि पुढे त्याच साहेबांना शिकवू लागले. पण पैसे घेऊन खेळणाऱ्याला क्लबच्या व्हरांड्यात बसायची मुभा नव्हती. त्यांचा चहा मागच्या दाराने येई. मला त्याचा राग यायचा, दाजींना नाही. "आपल्याला चा जास्ती गरम भेटतो पाव्हणं. सैपाकघर जवळ हाय," ते म्हणत. शिकवताना मात्र ते कुणाची भीड ठेवत नसत. एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी बायकोदेखत विचारलं होतं, "साहेब, बॉल मारताय का साप मारताय?" तो अधिकारी पुन्हा आला नाही. असे न आलेले पुष्कळ होते.

त्यांच्यासोबत राहायचं म्हणजे जगातलं कुठलंही अंतर काठीच्या नंबरात ऐकायची सवय करून घ्यावी लागे; गोल्फमध्ये चेंडू जितका लांब मारायचा, त्याप्रमाणे काठीचा नंबर ठरतो. एकदा गुरुवारच्या बाजारात बैल विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना एसटी स्टँड कुठं, असं विचारलं. दाजींनी बोट ओलं करून वारा पाहिला आणि सांगितलं, "पयली मोठी काठी, मग पाच नंबर, मग हलक्या हातानं नऊ नंबर. पण जपून, समोरनं वारा हाय." म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "लेकरा, तू सांग." दुसरी तऱ्हा शांततेची. गोल्फमध्ये कुणी फटका मारायला उभं राहिलं की हात वर करून लोकांना गप्प करतात. कुणीही काही नाजूक काम करायला लागलं की दाजी हात वर करत, आणि आसपासच्या सगळ्यांनी श्वास रोखून गप्प बसायचं. अक्का सुईत दोरा ओवत असली की हात वर. शेजारी दाढी करत असले की हात वर. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाने हार उचलला आणि दाजींनी बँडवाल्यांसमोर उभं राहून असा काही हात वर केला की बँड थांबला, भटजी थांबले, आणि नवरदेवही हार धरून तसाच उभा राहिला. नवरीच्या मामाला वाटलं हुंड्यावरून काहीतरी बिनसलं. अक्का तेव्हा चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

पण या सगळ्यावर कडी होती गोणपाटाची. छावणीच्या मैदानावर तेव्हा पाण्याचीच मारामार, तिथे हिरवळ कुठून येणार. चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याभोवती गवताऐवजी जळकं तेल मिसळलेली वाळू पसरलेली असे. चालणाऱ्यांची पावलं तिच्यावर उमटत. म्हणून चेंडू खड्ड्याकडे ढकलण्याआधी, चेंडूपासून खड्ड्यापर्यंत गोणपाटाचा तुकडा ओढायचा आणि आपली वाट सपाट करून घ्यायची, अशी तिथली रीत होती. सगळेच तसं करत. दाजींना मात्र ही रीत मैदानात ठेवून घरी येता येत नसे. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाची वाट सपाट केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी मी दप्तर घेऊन उंबऱ्यात उभा, आणि दाजी वाकून उंबऱ्यापासून फाटकापर्यंत अंगणातली माती गोणपाटाने सारखी करताहेत. समोरच्या चाळीतली बायामाणसं हसताहेत. मी म्हणालो, "दाजी, पेपर सुरू होईल." ते म्हणाले, "लाइन साफ नसली तर येळेवर पोचून काय करता?" मी दात-ओठ खात त्या सपाट मातीवरून गेलो. पास झालो, तेव्हा श्रेय गोणपाटाला मिळालं.

वाळूजला कारखाने उभे राहू लागले त्या वर्षांतली गोष्ट. दाजींकडे शिकायला येणाऱ्या एका कारखान्याच्या मॅनेजरला त्यांच्या शिव्या मनापासून आवडत. त्याने त्यांना स्टोअरमध्ये कायमची नोकरी देऊ केली. दाजी नको म्हणाले. त्याच सुमारास पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत खेळायची त्यांची निवड झाली होती. घरात चार दिवस भांड्यांचे आवाज झाले आणि मग अक्काने निकाल दिला. "जा पुण्याला. पयल्या दोन दिसांत जे टिकतेत, तेच पुढं खेळतेत म्हणं. तुमी टिकलात तर मी जलमभर नोकरीचं नाव काढणार नाय. नाय टिकलात तर आल्या पावली वाळूजला जायचं. व्हय का नाय?"

दाजींनी काठ्यांची पिशवी भिंतीला टेकवली. "व्हय," म्हणाले.

निघायच्या दिवशी मी पाहिलं ते मला खरं वाटेना. जे गोणपाट तेलाच्या वासामुळे अक्काने कधी घरात येऊ दिलं नाही, ते तिने सोड्याच्या पाण्यात धुतलं होतं, त्याच्या उसवलेल्या कडेला आपल्या जुन्या पैठणीचा हिरवा काठ शिवला होता, आणि घडी घालून दाजींच्या पिशवीत ठेवलं होतं. मी बघतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "बघतोस काय? जाऊ दे नं नीट."

पुण्याला आम्ही तिघं गेलो. दाजी, मी, आणि पिशवी उचलायला हमीदभाई. हमीदभाईंचं छावणीत सायकलचं दुकान होतं, पण दाजींची पिशवी ते दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. पुण्याचं मैदान पाहून दाजी बिचकले. खड्ड्याभोवती वाळू नव्हती, गालिचासारखं बारीक कापलेलं गवत होतं. "ह्याच्यावर झोपावं का खेळावं?" ते म्हणाले. पहिल्या दिवशी गोणपाटाविना हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. दरवेळी हमीदभाई कानाशी लागत, "वस्ताद, घास है. याद रखना, घास है." तरीही दाजी टिकून राहिले. दुसऱ्या दिवशी तर ते असे खेळले की आमच्यामागे दहा-वीस माणसं चालू लागली. शेवटच्या खड्ड्याशी आलो तेव्हा हिशेब सरळ होता. चेंडू गवतावर पोचला होता. दोन फटक्यांत खड्ड्यात गेला की दाजी टिकले. दोन फटके त्यांना झोपेतही पुरले असते.

दाजी चेंडूमागे उकिडवे बसले. उतार पाहिला. सगळीकडे शांत झालं, कुणी हात वर करायची गरज पडली नाही. मग त्यांनी खड्ड्यावरची नजर न हलवता हात मागे केला, जसा आयुष्यभर करत आले होते तसा, आणि हमीदभाईंनी, आयुष्यभर देत आले होते तसं, त्या हातात गोणपाट ठेवलं. दाजी उठले आणि वाकून चेंडूपासून खड्ड्यापर्यंत त्या मखमली गवतावरून हिरव्या काठाचं गोणपाट ओढत गेले. निम्म्या वाटेवर हमीदभाईंच्या तोंडून फक्त "या अल्ला" एवढंच निघालं. खड्ड्यापाशी पोचून दाजी ताठ उभे राहिले, तेव्हा त्यांनाही कळलं. गवतावर वाटेला असा हात लावायचा नसतो. दंड दोन फटक्यांचा. एक तरुण पंच आला आणि फार अदबीने त्याने तसं सांगितलं. दाजींनी मान डोलावली, परत चेंडूपाशी आले, आणि तेवढ्या लांबून चेंडू एकाच फटक्यात सरळ खड्ड्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दंडाचे दोन धरून तीन झाले, आणि एका फटक्याने दाजी बाहेर पडले.

आम्ही परतीची एसटी धरली. नगरला चहा घेताना दाजी म्हणाले, "तुमच्या अक्काला गोणपाटाचं सांगायचं नाय." हमीदभाई म्हणाले, "गलती मेरी थी वस्ताद." दाजी म्हणाले, "गलती कोणाचीच नव्हती. तिनं मनापास्नं दिल्तं. तिला कळलं तर तिच्या जिवाला लागंल." घरी पोचल्यावर अक्काने विचारलं, तर म्हणाले, "त्या गवताचं अन् माझं जमलं नाय." अक्काने त्यांना जेवायला वाढलं. दुसऱ्या सकाळी दाजी वाळूजच्या गाडीत बसले ते निवृत्त होईपर्यंत बसत राहिले. माझं एम.ए. त्या नोकरीच्या पगारावर झालं, माझी प्राध्यापकी त्यावर उभी राहिली. त्यांच्या तऱ्हा मात्र तशाच होत्या. बजाजनगरात घर झाल्यावरही गल्लीतल्या अंतरांना काठ्यांचे नंबर होते, स्टोअरमध्ये कुणी काचेचं सामान उचललं की हात वर होत होता. फक्त गोणपाट पुन्हा दिसलं नाही. माझ्या मुलाखतीच्या दिवशी मी उंबऱ्यात उगाच रेंगाळलो. दाजी पेपर वाचत होते. अंगणात कोंबड्यांनी माती विसकटली होती, तिच्यावरूनच मी गेलो. नोकरी मिळाली, पण इतकं सुनं मला त्या सगळ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सकाळी मी रिक्षा घेऊन गेलो. दाजी वॉकर धरून दारात उभे. डॉक्टरने दिलेली वेळ जवळ आलेली, आणि हे रिक्षावाल्याला दवाखाना किती नंबरच्या काठीवर आहे ते सांगताहेत. मी वैतागून म्हणालो, "दाजी, चला आता." तेवढ्यात आतून अक्का आली. तिच्या हातात गोणपाट होतं. हिरवा काठ विटला होता, पण टाके शाबूत होते.

"ट्रंकेत होतं," ती म्हणाली. "पुण्याहून आले तवा काठ्यांच्या खाली दाबून आणलं होतं. हरलेला माणूस काठ्या फेकतो. हे मातर गोणपाट लपवीत होते. मला काय कळत नाय व्हय?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही, अशी मी मान हलवली. ते अक्काकडे बघेनात, फाटकाकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," मी म्हणालो.

"त्यास्नी वाटत होतं मला कळू नये. मंग कशाला कळवू?" तिने गोणपाट माझ्या हातात दिलं. "माझ्यानं वाकवत नाय. वढ तू."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेजारच्या गच्चीवर दोन पोरी फोनमध्ये शूटिंग करायला उभ्या राहिल्या. कॉलेजच्या विभागप्रमुखाच्या पदावरून निवृत्त झालेला मी, धोतराच्या काळातल्या माणसासारखा कमरेत वाकलो आणि उंबऱ्यापासून रिक्षापर्यंत अंगणातली माती सपाट करू लागलो. मागून दाजींचा आवाज आला.

"पाव्हणं, डावीकडं जरा उतार हाय. तिकडून घ्या."

मी वैतागलो, आणि डावीकडून घेतलं.